बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठी मे महिन्यात बासऱ्या का वाजू नयेत?

जूनच्या शेवटी आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, युनिव्हर्सिटीच्या म्युझिक स्कूलमध्ये बासरीचा आठवडा असतो, म्हणजे वेस्टर्न फ्लूटचा, चाव्या असलेल्या धातूच्या बासरीचा, आणि यंदा सलग तिसऱ्या वर्षी मी तिथे जाऊन आले. पहिल्या वर्षी खरं तर मुलीला सोडायला गेले होते. इथे पाचवी-सहावीत बऱ्याच शाळांत पोरांच्या हातात बँडचं एखादं वाद्य देतात, तिच्या हातात फ्लूट आला. तिला सोडून परत निघाले तर नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुम्ही पण वाजवता का? मी म्हटलं, नाही, लहानपणी बांबूची वाजवायचे, बडोद्याला, बारावीत सुटली ती सुटलीच. त्या म्हणाल्या मग उद्या घेऊन या, मोठ्यांचा ग्रुप दहा वाजता बसतो. बास, एवढंच. ना फॉर्म, ना कुठपर्यंत शिकलात ते, ना वय.

घरी येऊन कपाटातून बासरी काढली, पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीत सा असलेली, बडोद्याच्या माझ्या सरांनी स्वतः निवडून दिलेली. इथल्या हिवाळ्यात घरातल्या हीटिंगनं बांबू इतका कोरडा पडतो की दोन ठिकाणी वरून गुंडाळलेला दोरा सैल होऊन घसरला होता, नशीब तडा नव्हता गेला. रात्री दोरा परत आवळला, आतून बदामाचं तेल फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी गेले.

त्या खोलीत बावीस जण होते. सत्तरी ओलांडलेली एक रिटायर्ड नर्स, एक गणिताचे मास्तर, एक शेतकरी ज्यांची बोटं इतकी जाड की चाव्या कशा दाबत असतील असं वाटावं, कॉलेजची दोन-तीन पोरं, एक बाई ज्यांनी मुलगा गेल्यावर फ्लूट परत हातात घेतला होता. सगळ्यात छोट्या पिकोलोपासून अगदी खालच्या सुराच्या कॉन्ट्राबास फ्लूटपर्यंत सगळं, तो कॉन्ट्राबास तर माणसापेक्षा उंच असतो आणि चारच्या इंग्रजी आकड्यासारखा वाकवलेला, बहुतेक वेळा उभं राहून वाजवायचा. आणि शिकवायला कोण, तर ज्या प्रोफेसर वर्षभर पीएचडीच्या पातळीची मुलं तयार करतात त्याच. एखादा ज्युनियर पाठवला नव्हता मोठ्यांकडे. हे माझ्या मनात फार रुतलं.

भैरवातला कोमल रे मी कसा काढते हे बघायला त्या सरळ जमिनीवर माझ्यासमोर येऊन बसल्या. वरच्या हाताची अनामिका तिसऱ्या भोकावर अर्धी ठेवायची, आणि भैरवात तो रे झुलतो म्हणून ते बोट किंचित हलत राहतं, हे त्यांनी पाच-सहा वेळा करायला लावलं. म्हणाल्या आमच्या वाद्याला थिओबाल्ड बोम नावाच्या जर्मन माणसानं १८४७ मध्ये आजचा साचा दिला, सगळे स्वर पक्के बसवले, पण असं दोन स्वरांच्या मधे हिंडायला आम्हाला फार खटपट करावी लागते. एसीनं हॉल गारठलेला, त्यामुळे माझ्या बासरीचा सूर चांगलाच उतरला होता, आणि मला एकदम दांडिया बाजारातल्या मे महिन्याची आठवण आली, तेव्हा उलटं व्हायचं, बेचाळीस डिग्रीत बासरी चढायची आणि सर म्हणायचे वेळू तापलाय, दोन मिनिटं खाली ठेव.

आता मुद्द्यावर येते. गेल्या डिसेंबरात बडोद्याला गेले होते तेव्हा जेवणं झाल्यावर मी हे सगळं सांगत होते, तर भाचा म्हणाला, आत्या, मग आपल्या म्युझिक कॉलेजात मे महिन्यात असं का नाही करत, सगळ्यांसाठी? आणि तिथून जो वाद पेटला तो रात्री साडेबारापर्यंत. दादा म्हणाला आठवड्यात काय येतं, दोन वर्षं नुसता सा लावावा लागतो, ही शिबिरं म्हणजे सुट्टीतला टाइमपास. वहिनी म्हणाली परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही तर आई-बाप पोरांना पाठवतील कशाला. आणि काका, जे ऐंशीचे आहेत आणि ज्यांनी आयुष्यभर गाणं ऐकलंय, ते म्हणाले की संगीत युनिव्हर्सिटीत गेलं तिथेच अर्धं संपलं, आता तिथे हौशी लोकांची जत्रा भरवली की उरलेलं संपेल.

काकांचं म्हणणं मी सहा महिने डोक्यात घेऊन फिरतेय. त्यात तथ्य नाही असं नाही. पण बडोद्याच्या माणसानं हे म्हणावं याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्या गावात गायनशाळा निघाली तीच मुळी हौशी लोकांसाठी, गावातल्या सामान्य घरातल्या पोरांसाठी. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी गायक-वीणावादक मौलाबक्षांच्या हाती ती शाळा दिली. घराण्यात जन्म नाही अशा मुलाला पण शिकता यावं म्हणून त्या माणसानं स्वतःची नोटेशन पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं लिहिली. तेव्हाही खानदानी मंडळींना हे रुचलं नसणारच, कागदावर काय गाणं उतरतं का असं म्हणणारे तेव्हाही असतीलच. तीच शाळा पुढे १९४९ मध्ये निघालेल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीकडे आली आणि आज आपण सुरसागरच्या बाजूनं जाताना जिला म्युझिक कॉलेज म्हणतो ती हीच. मौलाबक्षांचे नातू इनायत खान १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले आणि १९१० मध्ये वीणा घेऊन अमेरिकेला आले, हे मी त्या प्रोफेसरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून दोन्ही नावं लिहून घेतली. आणि १९१६ मध्ये संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती पण बडोद्यातच, उस्ताद, पंडित, संस्थानिक, पुस्तकी विद्वान सगळे एका हॉलमध्ये, श्रुतींवरून, म्हणजे स्वरांच्या मधल्या बारीक जागांवरून, भांडणं झाली, पण एकत्र बसून झाली. म्हणजे लोकांना बोलावून, दार उघडून संगीत करणं हे बाहेरून आणायचं फॅड नाहीये. ते आपलंच आहे आणि आपणच विसरलोय.

आणि बासरीच्या बाबतीत तर घराण्याचा आग्रह मला अजिबात पटत नाही. गायकीची गोष्ट वेगळी. बासरी रागसंगीताच्या मैफलीत बसली तीच मुळी गेल्या शंभर वर्षांच्या आत. पन्नालाल घोषांनी निरनिराळ्या लांबीच्या बासऱ्या करून बघितल्या आणि बत्तीस इंचांची मोठी बासरी आणली, सातवं भोक पाडलं, तोवर बासरी म्हणजे देवळात, भजनात, गुराख्याच्या हातात. आणि हेच पन्नालालजी १९४७ मध्ये उस्ताद अल्लाउद्दीन खानांकडे शिकायला बसले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते आणि बासरीवादक म्हणून नाव झालेलं होतं. हरिप्रसाद चौरसियाजींचं तसंच, रेडिओ आणि सिनेमात वाजवून झाल्यावर अल्लाउद्दीन खानांच्या कन्या अन्नपूर्णादेवींकडे जाऊन पहिल्यापासून शिकले, बासरी धरायची बाजूसुद्धा बदलली. मग पुढे हेच हरिप्रसादजी वर्षानुवर्षं नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत कॉलेजात, शिकवायला जात राहिले, म्हणजे बासरी कॉलेजच्या इमारतीत गेली म्हणून मेली वगैरे नाही. मोठेपणी परत सा पासून सुरू करणं ही बासरीची परंपराच आहे असं मला म्हणायचंय.

दादाचं म्हणणं मात्र निम्मं मान्य. आठवड्यात काही येत नाही. माझा सूर या तीन वर्षांत सुधारला तो रोज सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास खालचा पंचम लांबवून. पण तो अर्धा तास मी काढायला लागले कशामुळे, तर पुढच्या जूनमध्ये त्या खोलीत परत बसायचंय म्हणून. त्याआधी वीसपेक्षा जास्त वर्षं मला कुणी अडवलं नव्हतं तरी मी बासरीला हात लावला नव्हता. मधे एकदा बडोद्यात सुट्टीला आले असताना एका क्लासमध्ये चौकशी केली होती, महिनाभर येऊ का म्हणून. आधी पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरा म्हणाले, मग वय विचारलं, मग म्हणाले या वयात कशाला, मुलीला घाला. मी रिक्षात बसून घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. असं परत पाठवलेलं माणूस पुन्हा जात नाही हो. आपल्याकडे अशी किती माणसं असतील, बँकेतून रिटायर झालेली, पोरं मोठी झालेल्या बायका, ज्यांनी शाळेत दोन-चार वर्षं काहीतरी वाजवलं आणि मग दहावी-बारावीनं ते बंद केलं.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही, आणि तिकडच्यांना हे ऐकायची सवय झालीय की परदेशातली माणसं येऊन आपल्याला शिकवतात. फी भरपूर असते, मी भरू शकते म्हणून गेले, आमच्या शेजारची बाई नाही भरू शकत. कागद समोरून काढला की त्यांच्यातले बहुतेक जण थांबतात, चार मिनिटं स्वतःच्या मनानं वाजवा म्हटलं तर घाबरतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे शनिवारी दुपारी आठवडा संपला की संपला, गाड्या निघतात, पुढच्या जूनपर्यंत कुणी कुणाचं नाही. आमचे सर रावपुऱ्यात राहायचे, फी म्हणून जे हातात ठेवाल ते घ्यायचे, बाबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा दिवस सरांकडून डबा यायचा आणि त्या अकरा दिवसांत त्यांनी मला एकदाही रियाज झाला का असं विचारलं नाही. बारा दिवसांनी गेले तर म्हणाले, आज फक्त ऐक. हे कुठल्याही समर प्रोग्राममध्ये मिळत नाही आणि मिळणारही नाही. पण सर आता नाहीत, आणि त्यांच्यासारखे गल्लोगल्ली मिळतील असं धरून आपण गावाचं शिकणं त्यांच्यावर सोपवू शकत नाही. एवढीच माझी काकांना विनंती आहे, गुरू सापडेपर्यंत माणसानं कुठे बसायचं ते सांगा.

भाच्यानं परवा फोनवर सांगितलं की त्याच्या ओळखीच्या एका शिक्षकांना कल्पना आवडलीय, एका पानावर लिहून मागितलंय. मी लिहितेय. मे महिना, पाच दिवस, सकाळी साडेसहा ते दहा, त्यानंतर बडोद्याच्या उन्हात कुणाला बाहेर काढायचं नाही. परीक्षा नाही. वय नाही. सगळ्यांची पांढरी तीन, म्हणजे एकत्र वाजवता येईल, आणि लहान मुलांची बोटं मोठ्या बासरीवर पोचत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी त्याच स्वराची छोटी, वरच्या सप्तकातली. मोठ्यांना शिकवायला कॉलेजातले सगळ्यात अनुभवी शिक्षक हवेत, हे मी दोनदा लिहिलंय. मदतीला शेवटच्या वर्षाची मुलं, आणि त्यांना पैसे द्यायचे, फुकट राबवायचं नाही. विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळींना मुद्दाम बोलवायचं, त्यांच्यात बासरीवाले असतात आणि त्यांना कुणी कॉलेजच्या आवारात बोलावत नाही. वृंदवादन, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवणं, बसवायचं, ते काही परकं नाही, पन्नालालजी स्वतः दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचं काम बघत होते.

आणि एक कारागीर. हा मुद्दा मी इथून शिकले, इथे आठवडाभर एक माणूस कोपऱ्यात टेबल मांडून बसलेला असतो, पॅड बदलतो, चाव्या सरळ करतो, आणि अर्धं शिकणं त्याच्या टेबलाभोवती होतं. आपल्याकडे लोक ऑनलाइन बासरी मागवतात, ती बेसूर निघते, आणि माणूस समजतो की आपल्यालाच येत नाही. उत्तर प्रदेशात पिलीभीतला पिढ्यान् पिढ्या बासऱ्या करणारी माणसं आहेत, तिथून एकाला पाच दिवस बोलवायचं, भोक किंचित मोठं केलं की स्वर कसा चढतो ते सगळ्यांसमोर दाखवायला सांगायचं. त्यांचं येण्याजाण्याचं आणि राहण्याचं मी बघीन, तसं मी पानावर लिहिलंय.

वहिनीचा सर्टिफिकेटचा प्रश्न राहिला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाहीये, काही पोरं येणार नाहीत हे खरं आहे. मग त्यांच्या आया येतील.

दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापगंज, जिथे कुठे कुणाच्या घरात जुनी बासरी असेल त्यांनी ती आत्ताच काढून बघा, पावसाळ्यात कपड्यात घट्ट गुंडाळून ठेवली की बुरशी धरते. आतून कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, दोरा सैल झाला असेल तर परत आवळा. मे महिन्याला अजून दहा महिने आहेत.