चोथ्याचा मान

आमच्या घरात चहा म्हणजे चहाची पूड. दादरच्या चहा डेपोतून दर महिन्याला एक किलो सुटा चहा येतो, अर्धी ममरी आणि अर्धी डस्ट. हे प्रमाण वडिलांनी कधीतरी ठरवले आणि त्यांच्या पश्चातही घरातल्या कोणाला त्यात फेरफार करण्याचे धैर्य झालेले नाही. आधणात आले किसून पडते, पावसाळ्यात गवती चहाची पाती पडते, दूध उतू जाता जाता वाचते, आणि उरलेला चोथा सकाळी तुळशीच्या व संध्याकाळी मोगऱ्याच्या कुंडीत जातो. या व्यवस्थेत कसलीही उणीव नव्हती. परंतु बंगळूरुला नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने माझ्या वाढदिवसाला इन्फ्युजर पाठवला.

इन्फ्युजर म्हणजे चहा आत भरून गरम पाण्याच्या कपात सोडायचा गोळा: बारीक छिद्रांचे दोन पोलादी अर्धगोल, मध्ये बिजागरी आणि टोकाला आकडा असलेली साखळी. आईने तो हातात घेऊन दोनदा उघडून मिटला आणि "करंजीच्या साच्याचं पिल्लू दिसतंय" असा निर्वाळा दिला. आमची ममरी त्यात भरून पाहिली, तेव्हा निम्मी छिद्रांतून ओट्यावर आली. त्याला पूड चालत नाही, अख्खी पाने लागतात, हे कन्येने फोनवर समजावले. थोडक्यात, फुकट मिळालेल्या घोड्यासाठी मला विकतचा तबेला शोधणे भाग होते.

फोर्टमधल्या एका वातानुकूलित दुकानात शिरून मी सवयीने "सुटा चहा आहे का?" असे विचारले. काउंटरमागच्या तरुणाने क्षणभर माझ्याकडे पाहून "लूज लीफ?" अशी माझ्या प्रश्नाची मुंज लावली आणि एकामागून एक डबे माझ्या नाकाखाली धरले. त्यातला एकही चहा मला चहासारखा लागला नाही. एक ओल्या गवतासारखा, एक मनुकांसारखा, तर एक चक्क आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यासारखा लागला. शेवटी मी दार्जिलिंगचा, मार्च-एप्रिलमधल्या पहिल्या खुडणीचा चहा घेतला, कारण ते नाव तरी ओळखीचे होते. दार्जिलिंग चहा ही भौगोलिक मानांकन मिळालेली देशातली पहिली वस्तू असून ते मानांकन 2004 सालचे आहे, हेही त्याने सांगितले. 50 ग्रॅमचे 600 रुपये झाले. एवढ्या पैशांत आमच्या घरी महिनाभर चहा उकळतो, आणि पाहुणेही जमेस धरलेले असतात.

पाकिटावर 'एसएफटीजीएफओपी' अशी अक्षरे होती. परदेशातून परतलेल्या डॉक्टरच्या दारावरच्या पाटीखेरीज इतक्या पदव्या मी कुठेही पाहिलेल्या नाहीत. त्यातला 'ओ' म्हणजे ऑरेंज, असे मी घरी सांगितले मात्र, आईने पाकीट हुंगून "संत्र्याचा वास कुठाय?" असे विचारले. या ऑरेंजचा संत्र्याशी काहीएक संबंध नाही, ती पानाची प्रत आहे, हे सांगून पाहिले. पण 600 रुपयांत संत्रेही नाही, ही नोंद तिच्या मनात कायमची झाली.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात झाली. आपली ममरी हे सीटीसीचे अपत्य आहे: पाने यंत्रात चिरडायची, फाडायची आणि त्यांचे गोळीदार दाणे वळवायचे, ही युक्ती 1930च्या सुमारास आसामात निघाली, आणि त्या दाण्यांना उकळी फुटताच भराभर रंग सोडण्याची खोड आहे. अख्ख्या पानाला अशी घाई खपत नाही. त्याला 85 ते 90 अंशांचे पाणी लागते, आणि तीन मिनिटे त्याला एकट्याला सोडावे लागते. खुद्द दार्जिलिंगात, सुमारे 2000 मीटर उंचीवर, पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणजे तिथले पाणी जन्मतःच समंजस. आमच्या दादरचे पाणी समुद्रसपाटीला धरून 100 अंशांपर्यंत तापते, म्हणून मी खळखळते आधण गॅसवरून उतरवून निवत ठेवले. "अरे, आधण आलं आणि तू गॅस बंद केलास?" असे विचारताना आईच्या आवाजात जी काळजी होती, ती माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही नव्हती.

पहिल्या खेपेला मी तो गोळा करंजीत सारण भरावे तसा दाबून भरला. गरम पाण्यात पाने फुगली, आकडा तटकन निसटला आणि कपात निवडायची राहिलेली मेथी तरंगू लागली. गोळा अर्धाच भरायचा असतो, पानांना अंग सैल करायला जागा ठेवायची असते, हे दुसऱ्या खेपेला कळले. तेव्हा मात्र फिक्या सोनेरी रंगाचे, बिनदुधाचे, बिनसाखरेचे काहीतरी तयार झाले आणि मी ते अभिमानाने गॅलरीत घेऊन बसलो. शेजारच्या काकूंनी कपात डोकावून पाहिले. "कोरा चहा? पोट बिघडलंय का? लिंबू पिळा थोडं." त्यानंतर तीन दिवस मजल्यावरचा प्रत्येक माणूस माझ्या पोटाची चौकशी करत होता.

जुलैत आणखी एक संकट आले. चहाचे पान हवेतला दमटपणा आणि शेजारच्या वस्तूंचा वास तत्परतेने ओढून घेते. आमच्या फडताळात पाकिटाचा शेजारी होता हिंगाचा डबा. त्या आठवड्यात मी जे प्यायलो त्याला फोडणी द्यायची तेवढी बाकी होती. उरलेला चहा मी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कपड्यांच्या कपाटात हलवला, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आता याच्यासाठी लॉकर घ्या."

तरीही घरात खरा भडका उडाला तो चोथ्यावरून. ही पाने दोनदा-तीनदा वापरता येतात, दुसऱ्या पाण्याची चव तर अधिक गोलसर लागते, असे दुकानातल्या तरुणाने सांगितले होते. चिपळूणचे मामा आले त्या दिवशी सकाळचे पहिले पाणी मी पिऊन झालो होतो, म्हणून त्यांच्यासाठी त्याच गोळ्यावर दुसरे पाणी ओतले. आई दारात उभी होती. आमच्याकडे पाहुण्याला चोथ्याचा चहा देणे म्हणजे सात पिढ्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडणे; तिने कपाळावर हात मारला. मामांनी मात्र तो कप शेवटपर्यंत शांतपणे प्यायला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं, आता चहा टाका."

आई तडक आत गेली. आले किसले, ममरी टाकली, दूध ओतले आणि 600 रुपयांचा माल वाया कशाला घालवायचा म्हणून तो इन्फ्युजरही साखळीसकट पातेल्यात सोडला. चांगली पाच मिनिटे तो खळखळत्या दुधात गटांगळ्या खात होता. मामांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"वा! दार्जिलिंगचा दिसतोय."

आईने "हो" म्हणून सांगितले.