‘खून करताना वय आठवलं नाही का?’ या संदेशाला उत्तर

कुठे अल्पवयीन मुलाने खून केल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: “खून करताना यांना वय आठवलं नाही, मग शिक्षेच्या वेळी का आठवतं? कायदा यांना तीन वर्षांत मोकळं सोडतो. असली मुलं जन्मजात राक्षस असतात, ती सुधारत नाहीत. मोठ्यांसारखा गुन्हा केला तर मोठ्यांसारखं फासावर लटकवा, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. आणि मेलेल्याच्या आईबापांचा विचार कोण करणार?” खाली बहुतेक वेळा त्या मुलाचा फोटोही असतो.

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं वाईट नसतात. बातमी वाचून माझ्याही पोटात गोळा येतो. पण यातलं एकेक वाक्य तपासलं की ते टिकत नाही, आणि त्यापायी खऱ्या माणसांचं नुकसान झालेलं आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

तीन वर्षांची गोष्ट आधी घेऊ. २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात सहा आरोपींपैकी एक साडेसतरा वर्षांचा होता. त्याला तेव्हाच्या कायद्यातली कमाल शिक्षा, म्हणजे तीन वर्षं, झाली आणि २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला. देशभर संताप उसळला. दोनच दिवसांनी राज्यसभेने नवं विधेयक मंजूर केलं आणि जानेवारी २०१६ पासून बालन्याय कायदा २०१५ लागू झाला. लोकांच्या डोक्यात मात्र अजून जुनाच कायदा आहे. आज १६ ते १८ वयाच्या मुलावर खुनासारख्या अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बालन्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यमापन करतं: त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता काय होती, परिणाम त्याला कळत होते का, गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला. त्यानंतर प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि तिथे त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालू शकतो. मोठी शिक्षा झाली तर वयाच्या २१ वर्षांपर्यंत तो सुरक्षित ठिकाणी राहतो, मग त्याच्यात किती बदल झाला ते पाहून उरलेल्या शिक्षेसाठी त्याला तुरुंगात धाडता येतं. फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, एवढ्या दोनच शिक्षा देता येत नाहीत. तीन वर्षांची मर्यादा सोळाच्या आतल्या मुलांना सरसकट लागू आहे. ‘सगळे तीन वर्षांत सुटतात’ हे वाक्य २०१६ मध्येच खोटं ठरलं आहे.

आता ‘वय का आठवतं?’ या प्रश्नाचं उत्तर. ते पुण्यातच आहे.

२६ ऑगस्ट १९९४ ला पौड रस्त्यावरच्या एका घरात दरोड्यासाठी पाच बायका आणि दोन लहान मुलं मारली गेली. त्यातली एक बाई गरोदर होती. राठी हत्याकांड म्हणून पुणेकरांना ते आठवत असेल. सप्टेंबरात आरोपी पकडले गेले. त्यांतल्या एकाला १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिन्ही ठिकाणी तो प्रौढ म्हणूनच उभा होता. पुढे फार उशिरा त्याचा वयाचा दावा सर्वोच्च न्यायालयात नेटाने मांडला गेला. न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितली. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतली नोंद तपासली गेली. तिथलं नाव आणि खटल्यातलं नाव यांत फरक होता, त्यावरूनही वाद झाला. शेवटी २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं.

बारा वर्षं सहा महिने. सहावी-सातवीतलं पोर. तो २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता आणि त्यातली बरीचशी वर्षं त्याने फाशीचा कैदी म्हणून काढली. कायद्याप्रमाणे त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त डांबून ठेवताच आलं नसतं, म्हणून न्यायालयाने ताबडतोब सुटकेचा आदेश दिला. तेव्हा ‘कागद दाखवून सुटला’ अशाही प्रतिक्रिया वाचल्या. मला त्या समजत नाहीत. सात जीव गेले, त्या घरावर जे कोसळलं त्याला माप नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला फासावर चढवून महाराष्ट्राने काय मिळवलं असतं? फाशीची तारीख लवकर लागली असती, तर शाळेचं रजिस्टर उघडण्याआधी तो मेला असता. वय आठवायचं ते अशासाठी. खून करणाऱ्याला काय आठवलं यावर न्यायालयाने काय आठवायचं हे ठरत नाही.

आणि ही हल्लीची लाडाकोडाची कल्पना आहे, असंही कुणी समजू नये. १८६० च्या भारतीय दंड संहितेतच सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा धरलं जात नव्हतं, आणि सात ते बारा वयात मुलाची समज पाहावी लागे. भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद तशीच आहे.

‘जन्मजात राक्षस’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण ते आपल्या सोयीचं आहे. मूल राक्षस ठरलं की त्याच्या घरात काय चाललं होतं, शाळेला आधी काय दिसलं होतं, शेजाऱ्यांनी कशाकडे काणाडोळा केला, हे काही विचारावं लागत नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एका ११ वर्षांच्या मुलीला दोन लहानग्यांच्या हत्येबद्दल दोषी ठरवलं गेलं. तिच्याबद्दलही हेच शब्द वापरले गेले. १९८० मध्ये ती सुटली, आई झाली, आणि २००३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिला आणि तिच्या मुलीला आयुष्यभराची अनामिकता दिली.

लिव्हरपूलजवळच्या बूटलमधलं १९९३ चं प्रकरण जास्त गाजलं. तीन वर्षांचाही न झालेला एक मुलगा खरेदीकेंद्रातून नेला गेला आणि मारला गेला. नेणारे दोघे दहा वर्षांचे होते. त्यांचा खटला प्रौढांच्या न्यायालयात चालला. आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावरून त्यांना दिसावं म्हणून आतली जमीन उंच करावी लागली. शिक्षा वाढवा म्हणून एका वृत्तपत्राने सुमारे पावणेतीन लाख वाचकांची मागणी गोळा केली, आणि गृहमंत्र्यांनी किमान मुदत १५ वर्षांवर नेली. ती पुढे तिथल्या सर्वोच्च अपील न्यायासनाने रद्द केली, आणि १९९९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो खटलाच न्याय्य नव्हता असं म्हटलं. दोघे २००१ मध्ये नव्या नावांनी सुटले. त्यांतला एक पुढे मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांबद्दल दोनदा तुरुंगात गेला. हे लपवण्याचं कारण नाही. सुधारणा हमखास होते असं माझं म्हणणं नाहीच. पण दुसऱ्याने नवा गुन्हा केल्याचं जाहीर झालेलं नाही. एकच गुन्हा, एकच वय, एकच खटला आणि पुढे दोन वेगळी आयुष्यं. ‘ही मुलं सुधारत नाहीत’ हे वाक्य यातलं कुठलं आयुष्य पाहून लिहिलंय?

धाकाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात आणि तुरुंगात पाठवण्याचा प्रयोग वर्षानुवर्षं केला. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तज्ज्ञ गटाचा निष्कर्ष असा होता, की असं पाठवलेल्या मुलांकडून पुढे हिंसा कमी होण्याऐवजी बहुधा वाढते. सोळा-सतराच्या पोराला सराईतांच्या बराकीत ठेवल्यावर तो कुणाकडून काय शिकणार? आपल्याकडे पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुलं सापडतात, तेव्हा ‘कायदा ढिला म्हणून दादालोक पोरांना पुढे करतात’ असं म्हटलं जातं. ते खरं असेल तर हात दादाला घालायला हवा. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड बालन्याय कायद्याच्याच कलम ८३ मध्ये आहे. पोराला फाशी मागणाऱ्या मजकुरात या कलमाची मागणी मी एकदाही वाचलेली नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत जड आहे: मेलेल्याच्या आईबापांचा विचार. तो करायलाच हवा, आणि तो करायचा तर ८ सप्टेंबर २०१७ ला गुरुग्रामच्या एका शाळेत काय झालं ते पाहा. दुसरीतल्या मुलाचा गळा चिरलेला सापडला. काही तासांत पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला, त्याने कबुली दिल्याचं सांगितलं, आणि देशभर त्याला फाशी द्या म्हणून ओरड झाली. मुलाच्या वडिलांचा त्या कहाणीवर विश्वास बसला नाही. त्यांनी सीबीआय तपासाची मागणी लावून धरली. नोव्हेंबरात सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कंडक्टर आरोपमुक्त झाला. वडिलांनी घाई केली असती, तर त्यांच्या मुलाच्या नावाने एका निरपराध माणसाचा बळी गेला असता.

याच वडिलांनी त्या विद्यार्थ्यावर प्रौढ म्हणून खटला चालावा यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या रागापुढे मी नुसता गप्प बसेन. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितलं की हे मूल्यमापन नाजूक काम आहे, नीट करा, त्यासाठी मानसशास्त्राच्या जाणकारांची मदत घ्या. पुन्हा मूल्यमापन झालं आणि मंडळाने पुन्हा प्रौढ म्हणून खटला चालवायचं ठरवलं. म्हणजे वडिलांना हवं होतं तेच झालं, तेही त्या मुलाचं वय आणि समज तपासून. आणि अशा मुलाचा फोटो किंवा नाव असलेला मजकूर कुणी पुढे पाठवत असेल, तर बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.