प्रूफचा शिक्का आहे म्हणून नवं रिव्हॉल्व्हर न तपासता घ्यायचं?

बीड, लातूर, परभणी, नांदेडच्या शस्त्र परवानाधारकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. नवीन परवाना मिळालेल्यांना सल्ला म्हणून तो पुढे पाठवला जातो. त्यातली मुख्य वाक्यं अशी : नवं रिव्हॉल्व्हर कारखान्यात फायर करून, प्रूफचा शिक्का मारूनच येतं, त्यामुळे दुकानात तपासत बसू नका. सुरुवातीला घट्ट किंवा अडखळत चाललं तरी दहा-वीस गोळ्यांत मोकळं होतं. पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही. गोळी फुटली नाही तर लगेच पुन्हा चाप ओढा, पुढची फुटेल. आणि दोष निघालाच तर डीलर बदलून देतो.

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्तीनंतर अंबाजोगाईला असतो आणि ओळखीचे लोक नवं हत्यार घेतलं की दाखवायला आणतात. त्यांच्यातले बरेच जण हा मेसेज वाचूनच खरेदी करून आलेले असतात. या पाच वाक्यांतलं एकही जसंच्या तसं खरं नाही, आणि एक तर जिवावर बेतणारं आहे.

आधी प्रूफ. प्रूफ चाचणीत नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त दाबाचं काडतूस भरून नळी आणि सिलिंडर (गोळ्यांची घरं असलेलं फिरतं नळकांडं) फुगतात का, तडकतात का एवढं बघतात. ही पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं. युरोपातल्या सीआयपी या संस्थेच्या नियमांप्रमाणे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या प्रूफ काडतुसाचा दाब कमाल दाबाच्या ३० टक्के वर असतो. म्हणजे शिक्का एका गोष्टीची ग्वाही देतो : धातू दाब सहन करतो. सिलिंडरची सहाही घरं नळीसमोर बरोबर येतात का, घोडा (चाप ओढल्यावर पडणारा भाग) काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीच्या मधोमध आणि पुरेशा जोरानं आदळतो का, नेम धरायची समोरची माशी सरळ बसली आहे का, यातलं काहीही त्या शिक्क्यात येत नाही. शेतातल्या पाइपलाइनला प्रेशर देऊन बघितलं तर पाइप फुटत नाही हे कळतं, व्हॉल्व्ह नीट उघडतो की नाही हे कळत नाही, तसंच हे.

सरकारी तपासणीवर ज्यांचा फार भरवसा आहे त्यांच्यासाठी एक जुनी घटना. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसन कंपनी अमेरिकी सैन्याला ‘व्हिक्टरी’ मॉडेलची रिव्हॉल्व्हरं पुरवत होती. सरकारी तपासणी होऊनच ती बाहेर पडत. १९४४ मध्ये नौदलाच्या एका जहाजावर असं एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडवा येणारा सुरक्षेचा भाग आतलं ग्रीस घट्ट झाल्यामुळे त्या वेळी आपल्या जागी आलाच नव्हता. त्यानंतर कंपनीनं तो भाग नव्यानं रचला. म्हणून मी पहिलं काम सांगतो ते असं : नव्या हत्याराला कारखान्यातून लावून आलेलं जाड ग्रीस आधी पूर्ण पुसून काढा आणि हलकं तेल लावा. आपल्याकडे निवडणूक लागली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि कित्येक दिवस तिथंच पडून राहतात. परत मिळाल्यावरही हेच करा.

आता ‘दहा-वीस गोळ्यांत मोकळं होतं’ याबद्दल. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण या वाक्यात अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच ते लोकांना पटतं. नव्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो, आतल्या भागांच्या कडा खरबरीत असतात, त्या वापरानं गुळगुळीत होतात. इथपर्यंत ठीक. पण चाप ओढताना सिलिंडर फिरवणारी एक छोटी पट्टी असते आणि ते ठरल्या जागी अडवणारा एक खटका असतो. घोडा पडायच्या आधी तो खटका सिलिंडरच्या खाचेत बसलाच पाहिजे. एखाद्या घराला तो उशिरा बसत असेल, तर पट्टी आखूड आहे किंवा सिलिंडरमागचा तेवढा दात कमी आहे. वापरानं धातू झिजतो, वाढत नाही. आज जरासा उशीर करणारं घर शंभर गोळ्यांनंतर जास्त उशीर करेल.

याचा परिणाम काय? घर नळीसमोर पूर्ण यायच्या आधी गोळी सुटते, नळीच्या मागच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे बारीक तुकडे बाजूनं उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला, डोळ्याला ते लागतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका कोऱ्या रिव्हॉल्व्हरचं असंच होतं. चार घरं चोख, दोन घरं उशिरा. मालकानं दुकानात एकदाच चाप ओढून बघितला होता आणि तेव्हा नेमकं चांगलं घर पुढे आलं होतं. सिलिंडरमागच्या दातेरी चक्राला सहा दात असतात आणि प्रत्येक दात वेगळा घासलेला असतो, म्हणून तपासणी सहाही घरांची करायची.

ती कशी, ते सांगतो. हत्यार रिकामं आहे हे स्वतः बघा, दुकानदारालाही बघायला सांगा, आणि तोंड कायम सुरक्षित बाजूला ठेवा. मग एका हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून त्याला किंचित अडवत चाप अगदी सावकाश ओढा. आधी खटका बसल्याचा ‘टिक’ आवाज आला पाहिजे, मग घोडा पडला पाहिजे. सहाही वेळा. चाप मागे दाबून धरलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे खडखडता कामा नये. रिकाम्यावर घोडा पाडायचा तर दुकानदाराकडून स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं मागून घ्या. पॉइंट बावीसच्या रिमफायर हत्यारात तर रिकाम्यावर घोडा पाडूच नका, तिथं पिन थेट घराच्या कडेवर आदळते.

दुसरी गोष्ट, सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट. ट्रॅक्टर मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतो ते फीलर गेज सोबत न्या. फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आत असावी. सिलिंडर पुढे ढकलून एकदा आणि मागे ओढून एकदा मोजा. दोन्ही मापांत ठळक फरक आला तर सिलिंडर पुढे-मागे हलतंय. फट फारच कमी असेल तर थोड्या गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर घासायला लागतं, फार जास्त असेल तर गरम वायू आणि शिसं बाजूला फेकलं जातं.

घोडा पूर्ण मागे ओढून ठेवा आणि मागून अंगठ्यानं पुढे दाबा. चाप न ओढता तो सुटला तर ते हत्यार तिथंच परत द्या, पुढचं काही तपासायचीही गरज नाही. नळीत उजेड टाकून आतला पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सलग आहे का, पुढच्या तोंडाच्या कडेला ओरखडा आहे का ते बघा. आपल्याकडे जुन्या वेब्लीच्या धर्तीचं, मधोमध मोडून उघडणारं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर पुष्कळांकडे आहे. त्यात वरची कडी बंद केल्यावर नळी हातानं हलते का हे आवर्जून पाहा. सिलिंडर बाजूला निघणाऱ्या नव्या मॉडेलांत, २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यातून आलेलं ‘प्रबल’ त्यातलंच, सिलिंडर बंद केल्यावर ते धरणारी दांडी घट्ट बसते का ते बघा.

‘रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही.’ अडकतं. टोपी जराशी वर बसलेली असली की सिलिंडर फिरत नाही. घरं आतून खरबरीत असली की पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) चिकटतात, बाहेर निघत नाहीत. उघडून पुंगळ्या झटकताना एखादी मागच्या चक्राखाली गेली तर सिलिंडर बंदच होत नाही. पिस्तुलातला अडथळा पुष्कळदा स्लाइड ओढून निघतो, रिव्हॉल्व्हर जाम झालं की बहुतेक वेळा दुरुस्तीची अवजारं घेऊन टेबलावर बसावं लागतं.

चौथ्या वाक्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगतो : गोळी फुटली नाही तर लगेच चाप ओढू नका. कधी कधी टोपीला ठिणगी लागते पण दारू उशिरा पेट घेते. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की ते धुमसणारं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं. आता ते पेटलं तर गोळीला बाहेर जायला नळीच नाही, समोर फ्रेमचं लोखंड आणि बाजूला तुमचा हात. म्हणून तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मग सिलिंडर उघडायचं. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर प्रूफचा शिक्का असलेली नळीही फुगते. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी बाकी काही नाही तरी एवढी दुरुस्ती त्याच लोकांना आजच पाठवावी.

स्वसंरक्षणाची वेळ असेल तर? तिथं पुन्हा चाप ओढण्याशिवाय गत्यंतर नसेल, हे मला मान्य आहे. पण मेसेज तसं म्हणत नाही, तो सरावाच्या वेळचाही सल्ला म्हणून दिलाय.

सराव म्हटल्यावर आणखी एक. आपल्याकडे बहुतेक रिव्हॉल्व्हरं कमरेला लागतात, पण चालवली कधीच जात नाहीत, म्हणून दोष वर्षानुवर्षं कळत नाही. उपाय म्हणून कोणी शेतात किंवा वरातीत गोळ्या झाडून बघू नये. जिवाला धोका होईल असा निष्काळजी किंवा जल्लोषाचा गोळीबार हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात वेगळा गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चाचणी अधिकृत रेंजवर, जाणत्या माणसासमोर.

राहिलं ‘डीलर बदलून देतो’. मोबाइल बदलून मिळतो तसं हत्यार मिळत नाही. त्याचा नंबर तुमच्या परवान्यावर चढतो. बीड-जालन्यासारख्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात, छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयात त्याची नोंद होते. दुसऱ्या नंबरचं हत्यार घ्यायचं तर ही नोंदच बदलावी लागते, आणि ती दुकानदाराच्या हातात नाही. दुरुस्तीसाठी कानपूरला पाठवायचं तर परवाना कोणत्या हद्दीपुरता आहे, नेण्याची परवानगी आहे का, हे सगळं आलं. एका हेलपाट्यात होणारं काम नाही ते. म्हणून नंबर परवान्यावर चढायच्या आधी, दुकानातच, अर्धा तास खर्च करा. दुकानदार ‘सरकारी माल आहे, उघडून काय बघता’ म्हणाला तरी हटू नका. माल तपासायची वाजवी संधी मिळणं हा १९३० च्या वस्तू विक्री कायद्यातल्या कलम ४१ नुसार खरेदीदाराचा हक्क आहे.

त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये एक बारीक मेख आहे. वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर तक्रार कमजोर पडते. तेव्हा न बघता ‘तपासून मिळाले’ असल्या कागदावर सही करू नका. बघितलं असेल तर काय बघितलं ते बिलाच्या प्रतीवर लिहून दुकानदाराची सही घ्या : सहाही घरं, फटीचं माप, घोडा दाबून बघितला.

तरीही दोष पुढे निघालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. त्यानुसार विक्रेता किंवा कारखाना कुठेही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. बिल, परवान्याची प्रत, दोष दिसतो असा व्हिडिओ आणि जाणकाराचं लेखी मत सोबत ठेवा. न फुटलेली काडतुसं घरी साठवू नका. टोपीवरच्या खुणेचा जवळून फोटो काढून ती डीलरकडे जमा करा आणि त्याची पोच घ्या.