वेडेलियाचं कौतुक पुरे

खारघरच्या आत्याने परवा वेडेलियावरचा एक मेसेज पाठवला. वेडेलिया म्हणजे दुभाजकांवर दिसणारी, पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन गेला असेल. "लॉन विसरा, वेडेलिया लावा! बारा महिने हिरवंगार, पाणी नको, माळी नको. साप आणि डास फिरकत नाहीत. चोवीस तास ऑक्सिजन, नासाने सिद्ध केलेलं. आणि हाच आयुर्वेदातला पिवळा भृंगराज! रोज चार पानं चावून खा, लिव्हर ठणठणीत. तेलात उकळा, केस काळेभोर." खाली गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात.

एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण आत्या त्यांच्या कमिटीवर आहे आणि लॉन काढून वेडेलिया लावायचा ठराव तिनेच मांडलाय. त्यांच्या मागच्या कंपाउंडला लागून डोंगराचा चढ सुरू होतो. वर तिने रस्त्याच्या दुभाजकावरची पानं खुडून आणून खोबरेलात उकळलीसुद्धा. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

आधी पानं. वेडेलिया म्हणजे पिवळा भृंगराज नव्हे. दोघं एकाच कुळातले, फुलं दोघांची पिवळी, म्हणून घोटाळा होतो, इतकंच. पिवळा भृंगराज म्हणजे स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेसिया, तो आपल्याकडचा. दुभाजकावरची ती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेची. पान हातात घेऊन बघा: वेडेलियाचं पान जाडसर, चकचकीत, आणि दोन्ही बाजूंना एकेक टोक बाहेर आलेलं, म्हणजे पानाला तीन खंड दिसतात. भृंगराजाचं पान साधं, लांबट, असे खंड नसलेलं. आणि आपल्या आज्या तेलात घालायच्या तो माका तर तिसराच, त्याची फुलं पांढरी. तेल डोक्याला लावून आत्याचं काही बिघडणार नाही कदाचित. पण "लिव्हरसाठी चावून खा"? दुभाजकावरच्या पानांवर डिझेलची काजळी बसलेली असते, सोसायटीच्या बागेत कीटकनाशक मारलेलं असतं. कावीळ झालेला एखादा माणूस रक्त तपासायचं सोडून आठवडाभर ही पानं चघळत बसला, तर त्याची जबाबदारी तो मेसेज लिहिणारा घेणार आहे का?

पण माझं डोकं खरं फिरलं ते सापांच्या वाक्याने. म्हणे, वेडेलियाच्या वासाने साप पळतात. कुठल्याही झाडाच्या वासाने साप पळत नाहीत. ना वेडेलियाच्या, ना सर्पगंधेच्या, ना कंपाउंडभर ओतलेल्या फिनाइलच्या. साप येतो तो उंदीर, बेडूक आणि दडायला जागा शोधत. वेडेलिया नेमकी तीच जागा करून देते. न छाटलेली वेडेलिया बघितलीय का कोणी वाकून? वर गुडघ्याच्या खालपर्यंत पानांची गादी, खाली वेलांचं जाळं, आणि त्याच्याही खाली ओलसर अंधार. उंदरांना यापेक्षा बरं बिऱ्हाड मिळणार नाही, आणि बिल्डिंगच्या मागे कचऱ्याचे डबे असले की जेवणाचीही सोय. डोंगराकाठच्या सोसायट्यांमध्ये, मग ती खारघर असो, बेलापूर असो की येऊरच्या पायथ्याचं ठाणं, घोणस आणि नाग निघणं नवलाचं नाही. खुरट्या लॉनवर साप निदान दिसतो. या गादीत पाय पडेपर्यंत कळत नाही. बॉल शोधायला हात घालणारी पोरं आणि पहाटे अनवाणी फुलं तोडणारी मंडळी, यांना "इथे साप येत नाही" असं सांगणं हा निव्वळ गुन्हा आहे. माझ्या मते त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. आणि समजा कोणाला चावलाच, तर पाला, दोरी, मांत्रिक काही नको. सरळ प्रतिविष असलेलं हॉस्पिटल.

"माळी नको" हे तर वेडेलिया लावलेल्या कुठल्याही माळ्याला विचारा. तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. वीतभर तुकडा ओल्या मातीवर पडला तरी जगतो. मग ती शेजारच्या जास्वंदीच्या आळ्यात शिरते, तगरीखालून निघते, पेव्हर ब्लॉकच्या फटीत बसते. पावसाळ्यात छाटणी एकदा लांबली की पायवाट गेली. आणि छाटलेला पाला जातो कुठे? आत्याच्या सोसायटीत मागच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावतात. पलीकडे डोंगर.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, आक्रमक प्रजातींवर काम करणाऱ्या तज्ज्ञगटाने २००० साली जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींपैकी १०० निवडून एक यादी काढली. त्या यादीत घाणेरी आहे, रानमोडी आहे, सुबाभूळ आहे, जलपर्णी आहे. आणि वेडेलियाही आहे. आता घाणेरीने आणि रानमोडीने आपल्या डोंगरांचं काय केलंय ते कोणालाही ट्रेकला जाऊन बघता येईल, आणि जलपर्णीचं सांगायला उल्हास नदीकाठची माणसं पुरेशी आहेत. त्यांच्या पंगतीतलं रोप आपण पैसे मोजून आणायचं आणि डोंगराच्या कुशीत लावायचं? बियांनी ती फारशी पसरत नाही, हे खरं. तुकड्यांनी पसरते, आणि तुकडे आपणच फेकतो.

बाकीचं झटपट. नासाचा तो अभ्यास १९८९चा. बंद पेट्यांमध्ये कुंडीतली झाडं ठेवून बेंझिनसारखी रसायनं किती कमी होतात ते पाहिलं होतं. उघड्या बागेशी त्याचा संबंध नाही आणि झाडांच्या यादीत वेडेलिया नव्हतीच. चोवीस तास ऑक्सिजन कुठलंच झाड देत नाही, त्याला उजेड लागतो. पिंपळ-तुळशीच्या नावानेही हीच थाप फिरते. डास पळवणारा गुण वेडेलियात नाही. उलट त्या गादीत अडकलेल्या प्लास्टिकच्या ग्लासात साठलेलं पाणी कोणाला दिसत नाही, आणि डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. लॉनबद्दल मेसेजचं म्हणणं खोटं नाही. मे महिन्यात हिरवळीला रोज साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं, आणि एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २०० चौरस मीटरचं लॉन असेल तर रोज ८०० ते १,००० लिटर. दहा-बारा दिवसांत १० हजार लिटरचा टँकर संपला. ज्या लॉनवर "चालू नये" अशी पाटी आहे त्यासाठी हा खर्च कशाला, ते मलाही कळत नाही. वेडेलिया यापेक्षा कमी पाण्यात तग धरते, उतारावरची माती धरते, तेही खरं. पण "पाणी नको"? आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तो जून ते सप्टेंबर. नंतर आठ महिने जवळपास कोरडे. दुभाजकावरची वेडेलिया हिरवी दिसते कारण तिथे टँकर फिरतो. भर उन्हात, पाण्याविना, बारा महिने हिरवं राहणारं आणि पायाखाली तुडवून घेणारं काही मिळत नाही. खारघरचा डोंगरसुद्धा फेब्रुवारीत तपकिरी होतो.

मग लावायचं काय, असं आत्याने विचारलंच. जिथे पोरं खेळतात तिथे हरळी ठेवा. एप्रिलमध्ये पिवळी पडेल, म्हणून मरत नाही. पहिल्या पावसाला परत येते. ऊन आहे आणि येणंजाणं बेताचं, तिथे जलपिंपळी: आपल्याकडची, जमिनीसरशी पसरणारी, बारीक पांढुरक्या-जांभळट फुलांवर फुलपाखरं येतात. उन्हाळ्यात तिलाही अधूनमधून पाणी लागेल, पण लॉनइतकं नाही. झाडांच्या सावलीत, जिथे कोणी पाय ठेवत नाही, तिथे मोंडो ग्रास किंवा बुटका रोहिओ. प्लास्टिकच्या गवताचं नाव काढू नका, दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभं राहून बघा म्हणजे कळेल. सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, असेल तर बागेला तेच पाणी द्या.

आणि जिथे वेडेलिया आधीच लागलीय, तिथे पावसाळ्यात जमीन मऊ असताना मुळांसकट उपटा. तुकडे राहतील, ते महिन्याभराने परत वर येतील, तेव्हा पुन्हा. उपटलेला पाला भिंतीपलीकडे नाही, कंपोस्टच्या खड्ड्यातही लगेच नाही. काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात ठेवायचा, आणि पेरं पूर्ण मरून काळी पडल्यावरच पुढे पाठवायचा.