नोबिता मराठी कधी बोलणार

29 जून 2025, रविवार संध्याकाळ. मी लालबागला माहेरी आलेली, बाहेर पावसाची रिपरिप आणि घरात टीव्हीचा आवाज फुल्ल, कारण पहिलीपासून शाळेत हिंदी शिकवायचे दोन्ही जीआर, 16 एप्रिलचा आणि 17 जूनचा, सरकारने मागे घेतल्याची बातमी नुकतीच आली होती. बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. शेजारचे काका दारातूनच "झालं एकदाचं!" म्हणून गेले. मलाही आनंद झाला, खरंच झाला, सहा वर्षांच्या पोरावर तीन तीन भाषा लादू नयेत हे माझंही ठाम मत आहे. आणि नेमकं तेव्हाच आतल्या खोलीतून माझा भाचा, वय वर्षं चार, ओरडला, "आत्या, जल्दी आओ ना, नोबिता फिर से पिट गया!" नोबिता म्हणजे हिंदीत डब केलेल्या डोरेमॉन या जपानी कार्टूनमधला मुलगा.

आई त्याच्या मागे ताट घेऊन. ती कणकवलीकडची, अजून मालवणीतच बोलते त्याच्याशी, "वायच खा रे झिला." तर हा मोबाईलवरची नजर न काढता, "नहीं, पहले ये खतम होने दो." तोंड उघडलं, घास गेला, तोंड मिटलं. डोळे तिथेच.

या घरात कोणीही हिंदी बोलत नाही. भाऊ-वहिनी मराठी, आजी-आजोबा मराठी, शिशुवर्ग मराठी माध्यमाचा. मग याला हिंदी कुठल्या जीआरने शिकवली? भावाला विचारलं तर म्हणाला अगं सगळी पोरं अशीच बोलतात, खाली खेळायला गेली की एकमेकांशीही हिंदीच, आणि आडनावं बघशील तर सावंत, शिंदे, गायकवाड. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण मी जिथून आले होते तिथे हे असं होत नाही आणि का होत नाही ते मी नऊ वर्षं रोज बघतेय.

मी नेदरलँड्सला उट्रेख्तमध्ये राहते. अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण 1 कोटी 80 लाख, आपल्या मुंबई महानगर प्रदेशात त्याहून जास्त माणसं राहतात. आणि 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आपण 8 कोटी 30 लाख. हे आकडे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

तिथे मोठ्या माणसांसाठी परदेशी सिनेमा किंवा सीरियल आली की ती मूळ भाषेतच दाखवतात, खाली डच सबटायटल्स. शेजारच्या जर्मनीत सगळ्यांसाठी सगळंच डब करतात, इथे तसं नाही. पण लहान मुलांचं असेल तर ते डच भाषेत डब केलेलं असतं, कारण पाच वर्षांच्या पोराला सबटायटल वाचता येत नाही, इतकं साधं कारण. मी लेकीला पहिल्यांदा थिएटरला घेऊन गेले, एक मोठी अमेरिकन अॅनिमेशन फिल्म होती, बोर्डावर त्याच पिक्चरचे दोन प्रकार लिहिलेले, दुपारच्या खेळांपुढे एनएल म्हणजे डच आणि रात्रीच्या खेळापुढे ओव्ही म्हणजे मूळ आवाजातला. दुपारी हॉल चिल्ल्यापिल्ल्यांनी भरलेला. (आणि मध्ये चक्क इंटरव्हल! तिथल्या बऱ्याच थिएटरांत अजून इंटरव्हल असतो, मला एकदम लालबागच्या भारतमाता थिएटरात बसल्यासारखं वाटलं.) पडद्यावरचा प्राणी घसरून पडला आणि काहीतरी पुटपुटला, अख्खा हॉल खदाखदा हसला, माझी साडेचार वर्षांची लेकसुद्धा, मला मात्र तो विनोद कळायला दोन सेकंद लागले. त्या दोन सेकंदांत मला लख्ख समजलं की भाषा पोरात कुठून शिरते. शाळेतून नंतर, आधी हसण्यातून.

बरं, डच ही बेल्जियममध्येही बोलतात, फ्लँडर्स भागात, लोक 70 लाखांच्या आतबाहेर. भाषा तीच, फक्त उच्चार आणि लकबी वेगळ्या. तरी बऱ्याच मोठ्या अॅनिमेशन फिल्म्सचं फ्लेमिश डबिंग वेगळं होतं, कारण आमच्या पोरांना आमच्यासारखं बोलणारी पात्रं हवीत. 70 लाखांसाठी! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नवऱ्याला दोनदा विचारलं, खरंच का रे.

आता कोणी म्हणेल मग ती मुलं एका भाषेत अडकून बसत असतील. अजिबात नाही. डच माणसं जगात सगळ्यात चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांत मोजली जातात, आणि त्यात आठव्या-नवव्या वर्षापासून सबटायटल वाचत इंग्रजी ऐकण्याचा मोठा हात आहे. म्हणजे क्रम आहे. आधी कान आपल्या भाषेत भरून घ्यायचे, वाचता यायला लागलं की दुसरी भाषा कानावर आणि आपली डोळ्यासमोर. जाहीर सभेत भाषण न करता, कोणावर हात न उचलता. मला हिंदीचा राग नाही, मुंबईच्या पोराला हिंदी आलीच पाहिजे आणि ती येतेच, बस स्टॉपवर येते, क्रिकेट खेळताना येते. माझं म्हणणं एवढंच की ती दुसरी यावी, पहिली नाही.

माझ्या लहानपणीही मोगली हिंदीतूनच बोलायचा, दूरदर्शनवर रविवारी सकाळी, आणि आमचं काही बिघडलं नाही असं भाऊ म्हणतो. बरोबर आहे. पण ते आठवड्यातून अर्धा तास होतं, बाकी दूरदर्शनवरचं मराठी किलबिल होतं, बालनाट्यं होती, गोष्टी सांगणारी आजी होती. आता जेवताना, प्रवासात, झोपताना, मोबाईल आहेच. तुलना कशी करणार?

आणि हा प्रश्न फक्त आपल्याला पडलाय असंही नाही. बांगलादेशात हाच डोरेमॉन हिंदीतून दिसायचा, पोरं घरात हिंदी बोलायला लागली म्हणून तिथल्या सरकारने 2013 मध्ये त्यावर बंदी घातली आणि नंतर तो बंगालीत आला. मला बंदी पटत नाही, पण काळजी पटते. कर्नाटकात उलटं झालं. डब केलेले पिक्चर आले तर आमच्या कलाकारांचं काम जाईल म्हणून कन्नड इंडस्ट्रीने कित्येक दशकं डबिंगच रोखून धरलं, शेवटी 2015 मध्ये स्पर्धा आयोगाने त्यांना दंड केला. तिथेही डबिंग हवं म्हणणारे कन्नडप्रेमीच होते, आमच्या पोरांना ज्ञान आणि करमणूक कन्नडमधून मिळू द्या म्हणत होते. दक्षिणेतल्या चारही भाषांत मुलांसाठी स्वतंत्र चॅनल आले, तमिळमध्ये तर 2007 पासून, कन्नडमध्ये 2009. मराठीत ईटीव्ही बालभारत आलं ते 2021 ला. आलं हे चांगलंच झालं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये मी सहा घरांत विचारलं, एकालाही माहीत नव्हतं.

"मराठी डबिंग ऐकवत नाही गं, पुस्तकी वाटतं" हे वहिनीचं वाक्य. तिचं चूक नाही, "अरेरे, हे काय घडले" असं कुठलं पोर बोलतं? पण हा भाषेचा दोष नाही, घाईघाईत आणि कमी पैशात केलेल्या कामाचा आहे. हिंदी डबिंगचं सगळ्यात मोठं केंद्र कुठंय, मुंबईतच ना. निन्जा हातोरीला हिंदी आवाज देणारी मेघना एरंडे मराठीच आहे. म्हणजे गळे आपले, स्टुडिओ आपल्या शहरात, फक्त पोरं आपली असून त्यांच्यासाठी नाही. आणि मराठीत मुलांचं चालत नाही म्हणणाऱ्यांनी रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या हे बालनाट्य आठवावं, 2018 मध्ये ते पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगलेंच्या चिंची चेटकिणीला बघायला पोरांनी नाट्यगृहं भरली होती. आईबाप सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून घेऊन जातात, अजून काय पुरावा पाहिजे?

आपण मात्र भांडतो कशावर, तर मल्टिप्लेक्समधल्या प्राइम टाइमवर. 2015 ला सरकारने दुपारी 12 ते रात्री 9 या वेळात मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, आणि दहा वर्षांनंतरही दर मोठ्या हिंदी पिक्चरच्या आठवड्यात मराठी निर्मात्याला शोसाठी दारोदार फिरावं लागतं. ते भांडण योग्यच आहे, मी त्यांच्याच बाजूची आहे. पण चौथ्या वर्षी ज्याचा हिरो हिंदी बोलतो तो चोविसाव्या वर्षी मराठी पिक्चरचं तिकीट का काढेल? सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतंच, त्यातला काही हिस्सा मुलांच्या चांगल्या डबिंगला ठेवा, दरवर्षी दहा मोठ्या अॅनिमेशन फिल्म्स मराठीत आणा, शनिवार-रविवार सकाळी अकराचा शो त्यांना द्या. कार्टून चॅनलना मराठी ऑडिओचा पर्याय द्यायला लावा. जीआर काढायचाच तर हा काढा.

तोपर्यंत आम्ही घरी एक उद्योग सुरू केलाय. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा, इथे उट्रेख्तला टीव्हीवर सशाचं कार्टून, तेच तिकडे भावाच्या मोबाईलवर, दोन्हीकडे आवाज बंद, आणि बोलायचं आपण. मी सशाची आई, नवरा कुत्रा, बाबा ससा. पहिल्या दिवशी बाबा लाजले, दुसऱ्या रविवारी त्यांनी सशाला मालवणी करून टाकलं, "काय गो बाय, खंय चललंस?" लेक इतकी हसली की खुर्चीवरून घसरली, आता ती कुठलाही ससा दिसला की खंय चललंस विचारते. भाचा दोन रविवार नुसता बाजूला बसून बघत होता. तिसऱ्याला त्याने बाबांचा फोन ओढला आणि म्हणाला, "आजोबा, मी पण बोलनार, मी कासव." कार्टूनमध्ये कासव नाहीच, पण आता ते दर भागात असतं.