आधी पंप बघा, मग गाडी

कोथरूड ते चाकण, जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर, वर्षाला २४,०००. एवढं रनिंग असेल तर शोरूममध्ये जाऊन "ॲव्हरेज किती देते?" विचारून काही हाती लागत नाही. त्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्या वाटेवर सीएनजी पंप कुठल्या हाताला आहे? आणि रात्री गाडी उभी राहते तिथपर्यंत वायर ओढता येते का?

ब्रोशरमधला आकडा खरा असतो, फक्त तो दुसऱ्याच रस्त्याचा असतो. आपल्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात आणि एसी बंद ठेवून ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे पळवतात. गंमत म्हणजे त्या तक्त्याचं (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) लघुरूपही एमआयडीसीच. खऱ्या एमआयडीसीकडे जाताना मात्र मोशीच्या पुढे दुसरा गिअर सुटत नाही आणि एसी बंद होत नाही. वॅगनआर सीएनजीचा अधिकृत आकडा किलोला ३४.०५ किलोमीटर, सेलेरिओचा ३४.४३. हिशेबाला २५ धरा आणि त्याच वर्गातल्या पेट्रोल गाडीला १७.

आता गणित. पेट्रोल १०४ रुपये, सीएनजी ९२ असं समजू. तुमच्या पंपावरचा भाव घालून परत मांडा. पेट्रोलवर महिन्याला ११८ लिटर, म्हणजे सव्वाबारा हजार. सीएनजीवर ८० किलो, म्हणजे ७,३६०. दरमहा पावणेपाच-पाच हजारांचा फरक. सीएनजी मॉडेलला ९०-९५ हजार जास्त मोजावे लागले, तर ते दीड-पावणेदोन वर्षांत वसूल. हेच रनिंग रोजचं २५ किलोमीटर असेल तर वसुलीला पाच वर्षं लागतात. मग कशाला डिकी घालवायची?

या हिशेबात वेळ कुणी धरत नाही. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात साडेसात ते नऊ किलो गॅस बसतो. रोज सव्वातीन किलो लागतो, म्हणजे महिन्यात १० ते १२ फेऱ्या पंपावर. अर्ध्या तासाची रांग धरली तर पाच-सहा तास गेले. त्यातही पंप पाइपलाइनवरचा की टेम्पोतून कॅस्केड, म्हणजे गॅसच्या सिलिंडरांचा संच, येणारा, हे बघा. कॅस्केड उतरत आली की प्रेशर पडतं. मशीनचा काटा २०० बारऐवजी १६०-१७०वर थांबतो, आणि टाकी 'फुल' होऊनही गॅस सहा-सात किलोच भरलेला असतो. दुपारच्या उन्हात तर आणखी कमी. सकाळी सहाच्या सुमारास, पाइपलाइनच्या पंपावर आणि जाण्याच्याच हाताला भरलं तर निम्मा वैताग वाचतो. यू-टर्न मारून भरावा लागणारा पंप दोन महिन्यांत नकोसा होतो.

आणि याच कारणामुळे एका टाकीवर ॲव्हरेज काढू नका. प्रेशर दरवेळी वेगळं, त्यामुळे आकडा कधी २१ येतो, कधी २९. महिनाभराच्या पावत्यांवरचे किलो बेरजेला घ्या आणि ओडोमीटरच्या फरकाला त्या बेरजेने भागा.

सीएनजी गाडीत पेट्रोल ठेवायचं नाही, ही काटकसर फार महागात पडते. टाकी कोरडी ठेवली की टाकीतला पेट्रोलचा पंप जळतो, इंजेक्टर चिकटतात आणि वाचवलेलं सगळं गॅरेजवाल्याला जातं. उलट टाकी काठोकाठही भरू नका. इथेनॉलचं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की ओलावा धरतं. आठ-दहा लिटर ठेवा आणि रोज दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅसला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे प्लगची गॅप वाढली की चढावर गाडी झटके देते. लोक किटला दोष देतात, निघतो प्लग. चाकणच्या धुळीत एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला झटकून घ्या. तो तुंबला की पिकअप पडतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. बाहेरून किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि इन्शुरन्समध्ये, दोन्हीकडे हवी. नाहीतर क्लेमच्या वेळी अडकाल.

आता इलेक्ट्रिक. स्वतःचं पार्किंग असेल तर ८० किलोमीटरला माझं पहिलं मत इकडेच. २४ युनिटची बॅटरी असलेल्या टियागोसारख्या छोट्या गाडीला हे अंतर रोज जमतं, आणि ट्रॅफिक जितका तुंबलेला तितकं तिला बरं. चार्जिंगमधली घट धरून महिन्याला ३०० युनिट लागतील. पण ते घरच्या मीटरवर ओढले तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बिल डोळे पांढरे करतं. महावितरणचा ईव्हीसाठी वेगळा दर आहे, त्यासाठी वेगळं मीटर घ्या. १० रुपये युनिट धरलं तरी ३,००० रुपयांत महिना निघतो.

घोळ होतो तो सॉकेटवर. मिक्सर-इस्त्रीचा १६ अँपिअरचा सॉकेट चार-पाच तास सलग लोड घेण्यासाठी नसतो. स्क्रू किंचित ढिला असला तरी तो तापतो, पिवळा पडतो आणि एक दिवस प्लग आत चिकटून बसतो. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, चांगल्या कंपनीचा औद्योगिक सॉकेट आणि तपासून घेतलेलं अर्थिंग, एवढं हवंच. जुन्या सोसायट्यांत अर्थिंग नावापुरतंच असतं, मग चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो आणि लोक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतात. सोसायटीची परवानगी बुकिंगच्या आधी लेखी घ्या, नंतर नाही.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी, ट्रॅफिकमध्ये उत्तम, पण ज्या किमतीला ती मिळते तिथे 'काटकसर' हा शब्द काढू नये. डिझेल घ्यायचं तर रस्ता मोकळा हवा. बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला गाडी सलग वेगात धावावी लागते, आणि चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास उभी असलेली गाडी ती नुसती साठवत बसते.