‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्या खानापूरकडच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार. दारू आणि लिव्हरवरचा माझा लेख वाचून तुम्ही चिडलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबा रोज घ्यायचे तरी ऐंशी पार करून गेले, खराब असते ती हातभट्टी, तुम्ही चोर्ल्याच्या वाटेने आलेली गोव्याची ‘ओरिजिनल’ घेता, तीही जेवणासोबत एकच क्वार्टर, बेळगावात केलेला लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा लोकांना उगाच घाबरवू नका.

आजोबांचं आधी. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लिव्हरवर चरबी चढते, पण सिऱ्होसिसपर्यंत, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होण्यापर्यंत, साधारण 10 ते 20 टक्केच पोचतात. आजोबा उरलेल्यांत असतील. कोण कुठल्या गटात जाणार हे बाटली उघडताना कळत नाही. शिवाय सुटलेलं पोट, शुगर, जुनी बी किंवा सी प्रकारची (हिपॅटायटिस) कावीळ यांतलं काही सोबत असेल तर तेवढीच दारू जास्त नुकसान करते. दिवसभर रानात राबणाऱ्या आजोबांचा दाखला तुमच्यासारख्या दुकानात बसणाऱ्याने द्यावा, हे मला काही पटत नाही.

आता ओरिजिनलचं. हातभट्टीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल निघालं तर माणूस आंधळा होतो, मरतो. ते संकट वेगळं. कर्नाटकात सरकारी सारायी (देशी दारू) 2007 साली बंद झाली, तिच्या जागी नव्वद मिलीची दारूची पाकिटं आली. पण सिऱ्होसिस होतो तो शुद्ध इथेनॉलने, म्हणजे दारूतल्या नेहमीच्या अल्कोहोलने, आणि ते सीलबंद बाटलीतही तेच असतं. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये 42.8 टक्क्यांच्या हिशोबाने सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निपटवतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत तिथे काम लावून बसते, आणि संध्याकाळी पुढची येते. मटणावर ताव मारून घेतली तर चढते हळू, इतकंच. बहुतेक सगळी शेवटी लिव्हरलाच पचवावी लागते.

पचवताना ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. ते पेशींना इजा करतं, आणि त्याच गडबडीत चरबी जळायची थांबून साठू लागते. पिणं चालूच राहिलं तर सूज येते, काही पेशी मरतात, त्या जागी चिवट तंतूंचे व्रण भरत जातात. हे सगळं होताना दुखत नाही. चरबीच्या टप्प्यावर पूर्ण थांबलं तर बहुधा काही आठवड्यांत लिव्हर सावरतं. व्रणांचं जाळं पक्कं झालं की पूर्वीसारखं होणं अवघड.

आणि तुमचा रिपोर्ट. खरं तर या एका मुद्द्यासाठीच इतकं लिहायला बसलो. एसजीओटी आणि एसजीपीटी म्हणजे दुखावलेल्या पेशींतून रक्तात सांडलेली एन्झाइम्स. लिव्हरमध्ये किती दम उरलाय, हे ती सांगत नाहीत. जुन्या सिऱ्होसिसमध्ये सांडायला पेशीच कमी उरतात आणि आकडे नॉर्मल येऊ शकतात. क्षारपड रानात कीड दिसत नाही म्हणून पीक जोरात आहे असं आपण म्हणतो का? दारूमुळे सूज असेल तर एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा वर असतो. तुमच्या कागदावर ते प्रमाण बघा. सोबत या तपासण्याही करून घ्या: जीजीटी (लिव्हरचं आणखी एक एन्झाइम), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ), प्लेटलेट, सोनोग्राफी आणि जमलं तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी). प्लेटलेट हळूहळू उतरत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात पोचतो तो पोटात पाणी झाल्यावर, नाहीतर रक्ताची उलटी झाल्यावर. व्रणांमुळे लिव्हरकडे येणारं रक्त तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. काहीजण रात्री जागे, दिवसा झोपलेले, बोलणं असंबद्ध. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय. अमोनियासारखी लिव्हरने गाळायची घाण मेंदूपर्यंत गेलेली असते. डोळे पिवळे झाले की झाडपाल्याचं औषध घ्यायला गावोगाव फिरतात. साधी विषाणूची कावीळ बरेचदा आपोआप उतरते आणि नाव औषधाचं होतं. दारूच्या काविळीत त्या फेऱ्यांमध्ये आठवडे जातात, आणि काही पाल्यांनी लिव्हरला आणखी मारच बसतो.

शेवटी तुम्ही डिवचून विचारलंत, ‘मग उद्यापासून एकदम बंद करू का?’ रोजची सवय असेल तर स्वतःच्या मनाने एकदम नको. सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, घेतल्यावरच बरं वाटतं का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. अशा माणसाने अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन जिवावर बेतू शकतं. काही दिवस औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हे सुरक्षितपणे पार पाडता येतं. मानसोपचार विभागातही ही सोय असते, आणि तिथे गेलं की वेडा ठरतो असं काही नाही. तोवर डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉल मनाने घेत बसू नका. तपासायला जाताना जुना रिपोर्टही बरोबर न्या.